तीस इंची तार

हसू नका, पण माझ्या छोट्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार तुटली म्हणून मी लातूरहून पार नांदेडला गेले. रविवारी आमच्या बायकांच्या बँडचा पहिलाच कार्यक्रम.

दुकानातले सलीमभाई म्हणाले, "भाभी, छोट्या बेसच्या तारा संपल्या. मोठ्याची न्या, कापून देतो. माप काय?"

"तीस इंच. मी स्वतः मोजलंय."

घरी येऊन लावायला गेले, तर तार खुंटीला अडकेचना. वैतागून फोन लावला. "सलीमभाई, हे काय कापून दिलंत? आता रविवारी मी काय वाजवू?"

"भाभी, मी बोललो होतो ना, खुंटीला गुंडाळायला चार इंच जास्ती ठेवतो. तुम्हीच म्हणलात, शिंप्यासारखं मार्जिन नका सोडू, मला फिटिंग लागतं."