अर्धा सूर खाली

आर्णीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी गिटारवाला फैज आणि त्याची मोठी बहीण बसली होती.

“आज नागपुरात एकटाच वाजवशीन? तिसरा बँड सोडला तू.”

“चौघांत माझी गिटार कोणाले ऐकूच येत नाही, आपा.”

“मंग घडी घडी फोन काहून पाहून राह्यला?”

“बँड आज वणीले हाये. नव्या गिटारवाल्याले माहीत नसन, आयुषसाठी तारा अर्धा सूर उतरवा लागते. नाही तं गाता गाता त्याचा आवाज फाटते.”

“फाटू दे. गाडी लागली. हे चुकली तं तुहा कार्यक्रम गेला.”

“एक फोन लावतो.”

“चढून लाव!”

“गाडीच्या खडखडाटात सूर नाही लागत, आपा. तू फोन धर.”

कंडक्टरनं डबल घंटी मारली.

“आयुष, नव्याले फोन दे. हं भाऊ, जाडी तार आधी. ऐक.”