वायरलेसची घरघर

भवानी पेठेत एक म्हातारी, तिचा लेक दत्ता आन् सून सुरेखा ऱ्हात व्हती. ती म्हातारी म्हंजी मीच की. आमच्या घरात परवान्याचा वायरलेस हाय. दोघं नवराबायको त्यावर लांबलांबच्या माणसांशी बोलत्यात.

त्या दिशी नदीला पूर आला. माझी लेक शकू काठावरच्या गावात, दोन लेकरं घेऊन. फोन समदे बंद. दत्ता दुसरा वायरलेस घेऊन बोटवाल्यांसंगं गेला.

दुपारी त्याचा आवाज आला, पर नुसती घरघर. त्यात एकच शब्द कळला, "शकू".

"सुरेखा, काय झालं गं शकूला?"

"आत्या, ही घरघर टेबलावरच्या कॉम्प्युटरमुळं येतीया."

तिनं कॉम्प्युटर बंद केला, तरी घरघर तशीच. मग ती टेबलाखाली वाकली आन् वरडली, "मोबाइलच्या चार्जरची वायर वायरलेसच्या एरियलच्या वायरीला कुणी बांधली?"

"मीच बांधली गं, नाडीनं. लई पसारा दिसत व्हता."

तिनं चार्जर उपटला. घरघर थांबली.

"आई, ऐकू येतंय का?" दत्ता म्हनला. "शकू आन् पोरं बोटीत हायती. भात टाक, तिघं बी उपाशी हायती."