ताईकडे चार दिवस

मी परदेशी चाललोय, तुम्हाला सांगतो! विमानाने! …म्हणजे अजून चाललो नाही, परवानगी मागितलीय. म्हणजे मी नाही मागितली, सूनबाईने मागितली, तिच्या त्या मांडीवरच्या कॉम्प्युटरवरून. आणि मागितली खरी, पण ती नाकारली! कोणी नाकारली? सरकारने? छे हो, सरकारची काय बिशाद! माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने! आणि जायचंय किती दिवस? चार! चार दिवस जायचंय हो!

मी पाट्या रंगवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण अक्षर बघा माझं! बाजारातल्या निम्म्या दुकानांवर आहे. न्हाव्याच्या पाटीवर गिऱ्हाइकाचा भांग काढायचा, तर मी न्हाव्याचंच टक्कल काढलं होतं. वर्षभर त्याच्या लक्षात आलं नाही, रोज पुसायचा बिचारा. तर असा मी, आणि त्या अर्जात एक अक्षर हाताने काढायचं नाही! सूनबाई विचारणार, मी सांगणार, ती टकटक करणार.

"बाबा, जाण्याचं कारण?"

"ताई."

"ताई नाहीये यादीत. व्यापार, उपचार, पर्यटन, कौटुंबिक भेट."

"मग उपचार लिही."

"बाबा!"

बरं, किती दिवस राहणार? सूनबाई म्हणाली, महिनाभर मिळतात. मी म्हटलं, चार लिही! कमी मागितलं की सरकार लवकर सोडतं. शहाणा ना मी! आणि एवढ्यासाठी प्रश्न किती? आजोबांचं नाव काय, दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतात का, कुठलं बंड वगैरे केलंय का… अहो, या घरात मला चहात साखर वाढवून मिळत नाही, मी बंड कुठलं करतोय? आणि मग तो प्रश्न आला, "आपण पूर्वी कधी खोटी माहिती दिली आहे का?" मी म्हटलं, लिही, हो.

"बाबा, सरकारला दिलीय का, असं विचारतायत. लोकांना नव्हे."

"मग जागा वाया कशाला घालवतात?"

फोटोचं तर विचारू नका. हसायचं नाही म्हणे! हसत नव्हतो हो, तोंडच असं आहे. नऊ फोटो त्या यंत्राने परत पाठवले. दहाव्याला सूनबाई सहज म्हणाली, "आत्याबाईंना शेवटचं कधी पाहिलंत?" मी आठवायला लागलो… निळी शाल होती अंगावर… परदेशी निघाली तेव्हा विमानतळाच्या आत जाताना दोनदा वळली… तिसऱ्यांदा वळेल म्हणून मी हात वर धरून ठेवला होता… बावीस वर्षं झाली. खटॅक! फोटो पास.

आता तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं झोपला होतास का? झोपलो नव्हतो, थट्टा करत होतो! ताई दर फोनला विचारायची, "कधी येतोस रे टवाळ्या?" आणि पाट्या टाकून जाणार कसा, तिकीट काढणार कसं, हे सांगायची लाज, मग मी म्हणायचो, "हा काय, निघालोच! महिनाभर राहणार!" एकदा तर न्हाव्याला विमानतळाचा साहेब करून बोलायला लावलं, "बाई, आपले बंधू उतरले आहेत, सामान जास्त आहे." ती गेली ना विमानतळावर! संध्याकाळपर्यंत उभी होती. हसलो आम्ही तेव्हा. न्हावी जास्त हसला. असं तीनदा केलं मी.

आणि गेल्या महिन्यात भाचीचा फोन, "मामा, एक लक्षात आलं का? आई हल्ली विचारत नाही तुला, कधी येतोस म्हणून." मी आठवून पाहिलं. खरंच हो. हवा विचारते, गुडघा विचारते, नातवंडं विचारते… ते मात्र विचारत नाही. त्या दिवशी ब्रश धुवायचा राहिला माझा, दगड झाला. म्हटलं, सूनबाई, काढ ते यंत्र. चार दिवस जायचंय!

आणि नियम बघा तिकडचे. ज्याच्या घरी उतरणार त्याच्या फोनवर सरकार विचारतं, "हा इसम आपला पाहुणा आहे काय? होय किंवा नाही." ताईने चष्मा पुसला, माझं नाव वाचलं आणि दाबलं… नाही! आमच्याकडे कागद आला, "यजमानांनी आपली ओळख नाकारली आहे." पासष्ट वर्षांची ओळख, एका बोटाने!

परत अर्ज भरायला घेतला आणि लगेच फोन लावला. "ताई, अगं ते मीच होतो!"

"माहितीये. म्हणून तर नाही दाबलं. आता सरकारचं सोंग काढलंस? न्हावी कुठेय?"

"शपथ घेतो, ताई!"

"मागच्या वेळीही घेतली होतीस."

सूनबाईला दिला फोन, तर ताई तिला म्हणते, "आवाज गोड काढलाय हो न्हाव्याने!" आता काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय आणि गिऱ्हाईक नाही! तेवढ्यात सूनबाई अर्जात बघून कुजबुजली, "बाबा, मजला कितवा, विचारतायत."

"ताई, मजला कितवा गं?"

"दुसरा. का?"

"लिफ्ट आहे का? नाही म्हणजे… डावा गुडघा वाकत नाही आता. पायऱ्या किती आहेत? कठडा कुठल्या बाजूला?"

  ताई म्हणाली, आवाज अगदी बारीक, "तीनदा आलास, पण जिना कधी विचारला नव्हतास रे."

 आणि तीच सांगू लागली, "अठरा आणि अठरा. कठडा उजवीकडे. मधल्या वळणावर स्टूल ठेवते, टेक जरा. घाई करू नकोस."

इकडे सूनबाईने अर्ज धाडला, आणि तिकडे ताईने बोट दाबलं बहुतेक, कारण सूनबाई ओरडली, "बाबा, मंजूर!" मीही ओरडलो, लहान पोरासारखा, "ताई! मंजूर झालं! खरंच येतोय! चार दिवस येतोय!"

तर म्हणते कशी, "टवाळ्या, खोटा यायचास तेव्हा महिनाभर राहणार म्हणायचास. आता खरा येतोयस, तर चारच दिवस?"