शाल निळी की हिरवी?

...आणि तो दुकानदार मला म्हणतो, "आजोबा, ह्या मॉनिटरवर एक अब्ज रंग दिसतात!" अब्ज? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं भिंती रंगवल्या मी. नुसता पांढरा अकरा तऱ्हांचा कालवायचो, तोही नजरेच्या अंदाजानं... रंग मला शिकवू नका!

तर नातीला मॉनिटर हवा. गेम खेळायला आणि फोटो दुरुस्त करायला, दोन्हीला एकच! दुकानदार म्हणे, "गेमला वेगवान लागतो, फोटोला खऱ्या रंगाचा." नात म्हणाली, "वेग मी बघते, रंग आजोबा सांगतील." माझी शाळा चौथीपर्यंत, पण छाती अशी फुगली!

तिनं तीन मॉनिटरवर एकच फोटो लावला. कुणाचा? तिच्या आजीचा. आमच्या हिचा मागे राहिलेला एकुलता एक धड फोटो, तोही विटलेला. पोरीनं महिनाभर बसून नीट केला, राहिला फक्त शालीचा रंग. एका पडद्यावर शाल हिरवी, दुसऱ्यावर निळी, तिसऱ्यावर धड ना ही, धड ना ती! "आजोबा, खरी कुठली?" म्हटलं, हिरवी! विचारायचं काय त्यात? त्या शालीवरून वर्षानुवर्षं भांडलोय आम्ही. ही म्हणायची, "अहो, निळी आहे!" मी म्हणायचो, रंगारी कोण, तू की मी? रंग मला शिकवू नकोस! शेवटी एकदा म्हणाली, "बरं, हिरवी तर हिरवी. जेवायला चला." मला वाटलं, जिंकलो...

पण नात वस्ताद! पेटीतली शालच पिशवीत घालून आणलेली. पडद्यांशेजारी धरली. आता माझ्या एका डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढलाय, दुसरा डोळा अजून जुनाच, पिवळट काचेतून बघितल्यासारखा. जुन्यानं बघितलं... हिरवी. तो झाकला, नव्यानं बघितलं...

निळी हो! स्वच्छ निळी!

"आजोबा, कुठला घेऊ?" निळ्या शालीच्या पडद्याकडे बोट केलं. दुकानदार म्हणतो, "अहो, मघाशी तर हिरवा खरा म्हणालात!" काय सांगू त्याला? रंग मला शिकवू शकेल अशी एकच होती, आणि तिला मी रोज गप्प केलं.

आता ही त्या पडद्यावर निळी शाल पांघरून हसते, मध्येच नातीच्या गेममधल्या बंदुका धडाडतात. डॉक्टर विचारतात, "दुसरा डोळा कधी करायचा?" म्हटलं, थांबा जरा... एक डोळा तिच्या बाजूला गेलाच, एक तरी माझ्या बाजूनं राहू द्या!