खंडेनवमीले खोललेला क्रॉस

हो, क्रॉस मीच खोलला. रायटर सार, हे आदी लिहा, मंग नाव-गाव विचारा. मघापासून तुमी आन एस.आय. सार दोघंही फिरवून-फिरवून 'कोनं खोलाले लावलं' हेच विचारून राह्यले. कोनंच नाई लावलं.

नाव जान्हवी, वडलांचं नाव भगवंतराव, वय एकोनीस, काम शिक्षन, मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, राह्यनार भाजी मंडईच्या मागे, जैनद, जिल्हा आदिलाबाद. शाळा इंग्लिश मीडियमची, म्हनून मराठी बोलता येते पन लिहाले हात अडखळते. रायटर सार मुधोळचे हायेत, त्यांना मराठी लिहिता येते, म्हनून मी बोलून राह्यली आन ते लिहून राह्यले. ठाण्यात हजर राहून, कोनाच्या धाकाबिगर सांगते, ते असं.

तक्रार देनारे चंपतराव माह्या आईचे सख्खे भाऊ, म्हंजे माहे मामा. त्यांचा भाजीचा ठोक धंदा हाय आन मंडईचा माल न्यायले मोठी पिकअप हाय. तक्रारीत त्यांनी लिहिलं की मी पूजेत बसवलेली हत्यारं उचलली, मालकाले न विचारता गाडी खोलली, आन दसऱ्याचं बासरच्या सरस्वतीले जानं मोडलं. हत्यारं उचलली, हे खरं. जानं मोडलं, हेही खरं. न विचारता खोलली, हे खोटं. विचारलं होतं. ते नाई म्हनले होते.

अष्टमीच्या सकाळी मी मामासोबत त्याच गाडीत आदिलाबादले गेली होती. मागे वांगे आन फुलकोबी. पायाखालून चिमनीसारखा चिर्र-चिर्र आवाज येत होता. गाडी जोरात गेली की आवाज जोरात, हळू झाली की हळू. गिअर टाकला की खालून टक्‌ असा ठोका. मी मामाले म्हटलं, "जरा न्यूट्रल करा अन तशीच चालू द्या." त्यांनी केली. इंजिन मंद झालं तरी चिमनी तशीच चालू. म्हंजे आवाज इंजिनाचा नवता, चाकासोबत फिरनाऱ्या कशाचा तरी होता.

मामा म्हनले, "गाडी हाय ते, देवघर नोय. आवाज त येईनच."

मी म्हटलं, "मामा, क्रॉस गेला."

"तुह्या मोबाइलातल्या व्हिडिओवाल्या गोऱ्या मिस्त्र्याले इचार, त्याच्या गाडीत वांगे भरतेत का."

क्रॉस म्हंजे काय, हे एस.आय. सारनं विचारलं म्हनून सांगते. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेनारा लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखाली फिरते. खड्ड्यात मागचं चाक खाली-वर होते, त्याच्यासंगं शाफ्ट मुडला पायजे, म्हनून त्याले सांधे असतेत. प्रत्येक सांध्यात अधिकाच्या खुनेसारखा पोलादी तुकडा असते. इंग्लिशमधी युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजात क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार कप, आन कपात बारीक-बारीक लोखंडी सुया, गोल उभ्या. त्या सुयांवर सगळं फिरते. मामाच्या गाडीले असे तीन क्रॉस हायेत.

परत आल्यावर गाडी नागनाथमामाच्या गॅरेजात पूजेसाठी लावली. नागनाथ हे गावातले मिस्त्री. नात्यातले नाईत, पन सगळे त्यांना मामाच म्हनतेत. मी चाकाले दगड लावले, गिअर काढला, हँडब्रेक सोडला आन टॉर्च घेऊन खाली गेली. दसरा आला की आमच्याकडे गाडी धुवून खालून चांदी रंग मारतेत, ते तुमाले मालूम हाय. मामाच्या गाडीलेही मारला होता. शाफ्ट, सांधे, बोल्ट, सगळं नव्या भांड्यासारखं चमकत होतं. ग्रीस भराची निप्पलसुद्धा रंगात बुजून गेली होती. म्हनूनच सगळे म्हनले, गाडी टकाटक हाय.

पन गिअरबॉक्सजवळच्या क्रॉसच्या भोवती त्या चांदीवर लाल भुकटी उडाली होती, गोल, रांगोळीवानी. रंगाखालचा गंज जुना असू शकते. रंगावरचा गंज जुना कसा असन? आतून बाहेर फेकला जाऊन राह्यला होता तो. मी एका हातानं शाफ्ट धरला, दुसऱ्यानं त्याच्यापुढची गिअरबॉक्सची चकती, म्हंजे फ्लँज, आन उलटसुलट पिळलं. खडक्‌-खडक्‌ हाललं. तिथं केसाएवढीही ढिलाई नसावी. मागचे दोन क्रॉस पाह्यले, ते घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी, नवमीले, नागनाथमामाले खाली झोपवून दाखवलं. त्यांनी हात लावला आन म्हनले, "गेलाच हाय, पोरी."

"मंग काढा ना."

"आज? हत्यारं बसवलेत. बापाच्या वक्तापासून खंडेनवमीले बसलेला पाना दसऱ्याले सोनं म्हनून जम्मीची पानं देल्याबिगर उठत नाई. चंपतरावले सांगतो, हळू चालवा म्हनून."

"हळू चालवून घाट उतरता येते का?"

त्यांनी हाताले लागलेली लाल भुकटी फडक्याले पुसली.

दसऱ्याले गाडी बासरले जानार होती, हे सगळ्या गल्लीले मालूम होतं. मामाची पोरगी तेजस्विनी पाच वर्षांची हाय. सरस्वतीपुढे तिचं अक्षर गिरवनं होतं. मागे सतरंजी टाकून गल्लीतल्या बाया आन लेकरं बसनार होते. वाटेत निर्मलचा घाट. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं टोक खाली पडते, रस्त्यात रुतते आन गाडीले मागून उचलते. मागे वांगे असते त मी हात जोडून गप राह्यली असती.

मी मामाकडे गेली. ते ओसरीत गाडीचा हार गुंफून राह्यले होते. तिथं झालेलं बोलनं असं:

"मामा, गाडी नका नेऊ."

"काऊन? तुह्या इंग्लिश पुस्तकात मुहूर्त नाई का?"

"नागनाथमामाही म्हनले क्रॉस गेला."

"त्यानं मले हळू चालव म्हटलं. हळूच चालवतो मी. तू जन्माले नवती तवापासून चालवतो."

"एकदा खाली येऊन पाहा त, नाई त मले खोलू द्या."

"आज? सनासुदीले गाडीखाली झोपू? कपडे पाह्य माहे. आन तूही खोलाची नाई."

मंग म्हनले, "तोंडातून अभद्र काढू नको, लेकरू जाऊन राह्यलं."

'लेकरू जाऊन राह्यलं' हे लिहा, सार. तेच मीही म्हनून राह्यली होती.

गॅरेजात परत आली. पाटावर लाल कपडा, त्यावर पाने, हातोडे, जॅक, सगळ्याले हळद-कुंकू. नागनाथमामा दारात होते. मी म्हटलं, "मी उचलू का?" ते म्हनले, "मले इचारू नको. मी जेवाले चाललो." त्यांनी परवानगी देली, असं मी म्हनत नाई. ते जेवाले गेले, एवढंच खरं. त्यांना या तक्रारीत ओढू नका.

पूजेले नमस्कार केला आन पाना उचलला. शाफ्ट काढायच्या आदी दोन्ही बाजूनं खुना कराव्या लागतेत, कारन तो जसा होता तसाच परत बसला पायजे, नाई त गाडी थरथरते. रंगाचा डबा सापडला नाई. पूजेतलं कुंकू तेलात कालवलं आन त्याच्या खुना केल्या. हे तक्रारीत नाई, मामाले अजून मालूम नाई. पन विचारलं नाई म्हनून लपवलं, असं उद्या कोनी म्हनू नये.

एस.आय. सारनं विचारलं, चाकाची हवा काऊन नाई सोडली, चाबी काऊन नाई लपवली. हवा भरता येते. दुसरी चाबी मामाच्या करगोट्याले असते. शाफ्ट नसला की मात्र गाडी कितीही ओरडली तरी जागची हालत नाई.

संध्याकाळी मी स्वतः जाऊन मामाले सांगतलं की शाफ्ट काढला. त्यांनी हात उचलला होता. मारलं नाई. हेही लिहा.

नवा क्रॉस त्याच संध्याकाळी मिळाला असता त सकाळपर्यंत बसवला असता. आदिलाबादच्या पार्टच्या दुकानात फोन लावला. त्यांचंही सामान पूजेत. दुसरी गाडी पाह्यली. दसऱ्याले आपली गाडी कोन देते?

दसऱ्याच्या सकाळी बाया डबे घेऊन आल्या. पूर्णिमामामी तेजूले घेऊन आली. तिचा नवा फ्रॉक होता, हातात पाटी. मामीनं विचारलं, "गाडी कुठं हाय?" मी म्हटलं, "इथंच हाय मामी, पन चालत नाई. मी खोलली." मामीनं तेजूच्या हातातली पाटी घेतली आन पिशवीत ठेवली. तेव्हापासून मामी माह्याशी बोलली नाई. याचा तक्रारीशी संबंध नाई, लिहू नका म्हटलं होतं, तरी रायटर सारनं लिहिलं. राहू द्या.

दसरा झाल्यावर मी बसनं जाऊन नवा क्रॉस आनला. नागनाथमामाची हत्यारं तोपर्यंत मोकळी झाली होती. शिकंज्यात धरून जुने कप दाबून काढले. एका कपात सुया नवत्याच, तिखटासारखी लाल भुकटी होती. क्रॉसच्या दांडीवर नखाले अडकतीन अशा खाचा. नवा बसवताना पह्यल्याच कपात एक सुई आडवी झाली आन कप अर्ध्यावर अडला. हातोडा मारला असता त बसला असता, आन महिनाभरात परत गेला असता. मी काढला, सुया ग्रीसमधी एक-एक उभ्या केल्या, परत दाबला. कप जागेवर धरनारे चारही लॉक बसले. चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं. खुनेले खुन जुळवून शाफ्ट चढवला. नागनाथमामानं गाडी फिरवून आनली आन म्हनले, "चिमनी उडाली."

माह्यावर तक्रार द्यायले मामा ठाण्यात त्याच गाडीत आले. रस्त्यानं आवाज आला का, हे त्यांच्या जबाबात विचारा.

एस.आय. सारचं म्हननं असं की घरातलीच गोष्ट हाय, माफीनामा लिहून दे, मामा तक्रार वापस घेतीन, नाई त केस होईन आन कॉलेजात कळन. मामाही बाहेर बाकड्यावर तेच म्हनून राह्यले. देवाची माफी मी पाना उचलतानाच मागितली. पन गाडी खोलली ही चूक झाली, असं माह्या सहीनं लिहिलं त पुढच्या खंडेनवमीले माह्याच गल्लीतली कोनी पोरगी टॉर्च घेऊन खाली जाईन, लाल भुकटी पाहीन आन गप बाहेर येईन. म्हनून लिहिनार नाई. कॉलेजले कळवायचं असन त नंबर देते.

हा जबाब रायटर सारनं मले मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात खोलला' असं आलं होतं, ते मी खोडायले लावलं. बाकी मी सांगतलं तसंच हाय, म्हनून सही करते. जुना क्रॉस तुमच्या टेबलावर ठेवला हाय, हातात घेऊन पाहा. माफीनाम्याचा कोरा कागदही तिथंच हाय. सार, तुमीच सांगा, त्यावर कोनं कोनाची माफी मागाची?