अक्का आणि सीमेचा दगड

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! आधी एक प्रश्न. हे आपलं भरतखंड केवढं थोरलं — वर बर्फ, खाली समुद्र! कुणी भात खातं, कुणी भाकरी. कुणाचा पदर उजवा, कुणाचा डावा. आता यात राज्याराज्यांची रेघ ओढायची, तर कुठे ओढायची? बोला! डोंगर दिसतो, नदी दिसते. पण आपला माणूस इथे संपला आणि परका तिथे लागला, ही जागा कुणी पाहिली आहे का? नाही ना? मग जो ती शोधायला निघाला, त्याची गोष्ट ऐका.

एका राज्यात दोन भाऊ. थोरले अण्णासाहेब, धाकटे बाळराजे. वडील गेले आणि दोघांचं बिनसलं. कशावरून? अहो, भाऊ भांडतात तेव्हा कारण विचारू नये, रोज नवीन असतं! दक्षिणेचा कानडी मुलूख थोरल्यांचा, उत्तरेचा मराठी मुलूख धाकट्यांचा, एवढं ठरलं. पण मधला? बाळराजांनी कारभाऱ्यांना बोलावलं. त्यांचं नाव गिरमाजीपंत.

"पंत, बोली जिथे बदलते तिथे दगड उभा करा. चौकी बसवा. अण्णांचं माणूस अलीकडे नको, आपलं पलीकडे नको!"

"आज्ञा," पंत म्हणाले. पण मनातून नको होतं. का? त्यांची थोरली बहीण दिली होती हुलगेवाडीला, ऐन मधल्या मुलखात, एका ओढ्याच्या पलीकडे! दर भाऊबीजेला ती माहेरी यायची. आईवडील उरले नव्हते. पंतांना ओवाळणारं ते एकच माणूस.

गाडीवर दगड चढवला, गडी सोबत घेतले, निघाले. गावोगाव विचारतात, "बाबा, याला काय म्हणता?" "पाणी." पुढच्या गावी, "पाणी." त्याच्या पुढच्या गावी नवरा म्हणतो पाणी, बायको म्हणते नीर — आणि घागर एकच! एका घरी तर सासू भाकरी थापते, सून रोट्टी भाजते. पंतांनी तव्यात डोकावून बघितलं. ज्वारीचीच की हो! दगड ओढून बैल दमले, शब्द ओढून पंत दमले.

शेवटी एक युक्ती सुचली. बाजारातले शब्द इकडचे तिकडे होतात. पण नात्याचा शब्द माणूस आईच्या मांडीवर शिकतो. तो खरा! थोरल्या बहिणीला जो 'ताई' म्हणेल तो आपला, 'अक्का' म्हणेल तो पलीकडचा. झालं! पंत स्वतःवरच खूश. हसू नका मंडळी, हसायला अजून अवकाश आहे!

ओढ्याशी आले. हुलगेवाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी 'अक्का'. म्हणजे सीमा इथेच! गड्यांनी काठावर खड्डा खणायला घेतला. पंतांना काही तिथे उभं राहवेना. ओढा ओलांडून बहिणीच्या दारात गेले. उन्हाने घसा कोरडा पडलेला. दारातूनच हाक मारली,

"अक्का! पाणी दे गं!"

ऐकलंत? तुम्ही ऐकलंत, पंतांनी नाही ऐकलं! बहिणीने तांब्या दिला, विचारपूस केली. पंतांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, युक्तीसकट.

"म्हणजे या भाऊबीजेला मी यायचं नाही?"

पंतांनी तांब्या तोंडाला लावला.

"आणि गिरमा, आत्ता मला हाक काय मारलीस रे?"

तांब्या हातातच राहिला! जन्मभर मराठीत कारभार केलेला माणूस. कसाबसा म्हणाला, "ती हाक आईनेच शिकवली मला."

"मग आईला कुठल्या बाजूला टाकतोस?"

पंत तसेच माघारी फिरले, राजांपुढे उभे राहिले.

"दगड कुठे उभा केलात?"

"महाराज, माझ्या नियमाने तो माझ्याच जिभेवर ठेवावा लागतो. मी बहिणीला अक्का म्हणतो."

"थट्टा पुरे, पंत! उद्या हे कळलं तर अण्णा आम्हाला —"

आणि राजे थांबले! ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्याला हाक मारायचा 'अण्णा' हा शब्दही पलीकडचाच, कानडीच! मंडळी, हा शब्द त्यांनी अगदी सुरुवातीलाच उच्चारला होता. तुम्ही पकडलात? नाही! मग राजांनी हळूच विचारलं,

"पंत, अण्णांचा दमा कसा आहे हो आता?"

आता मी खोटं सांगणार नाही. राज्य काही एक झालं नाही. ओढ्याच्या अलीकडे एक गादी, पलीकडे एक. कारभार करायचा तर हद्द लागते. पण चौकी बसली नाही, आणि तो दगडही उभा राहिला नाही. पंतांनी तो ओढ्यात आडवा टाकला. भाऊबीजेला अक्का त्याच्यावर पाय देऊन अलीकडे आली, लुगड्याचा काठ न भिजवता!

पंतांना हसलात ना मघाशी? आता माझ्याकडे बघा! इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी भावाच्या अंगणात भिंत घातली आहे? मी नावं घेत नाही. मान कुणाची खाली गेली ते दिसतंय! भिंत असू द्या हो. दोन चुली झाल्या की भिंत आलीच. पण आज घरी जाताना त्याच्या दारावरून जा. वाद काढू नका, समजूत घालू नका. लहानपणी जी हाक मारत होता, तेवढीच मारा. कोण धावत येतं ते बघा!

माराल हाक? नक्की?

मग उचला टाळ!