उतारावरचे हात

मैनाबाई : घेऊन जा म्हनते ना, अरीब. अश्विनची सायकल आता या घरात नोको.

अरीब : काकू, दीपमालाले विचारलं?

मैनाबाई : तिले काय विचाराचं? भाऊ चिखलदऱ्याच्या घाटात गेला, साल नाई भरलं. अन् ही पोट्टी ट्यूशनच्या नावानं त्याच्याच सायकलवर परतवाडा रोडनं भटकते! शेजारच्या ललितानं पाह्यलं.

अरीब : मले फोन केला होता तिनं. म्हने, अरीबभाई, घाट उतराले शिकवा.

मैनाबाई : मंग?

अरीब : मी काय शिकवू? त्या दिवसापासून मीच घाट उतरलो नाई. तुमी बसा बरं. उपासाच्या उभ्या राहू नका.

मैनाबाई : पौर्णिमेचा उपास मले नवा नाई. तू बोलनं नोको फिरवू. लोकं म्हनतात, चाक घसरलं. तू त्याच्या मागंच होता. काय झालं?

अरीब : राहू द्या ना, काकू.

मैनाबाई : सांग, बाबू.

अरीब : चाक नाई घसरलं. वेग लय होता, हँडल थरथराले लागलं. होते असं उतारावर. तवा गुडघ्यांनी मधला दांडा दाबाचा, अंग मागं घ्याचं, डोये दूर रस्त्यावर. अन् हात सैल. थरथर आपोआप बसते.

मैनाबाई : त्याले माहीत नव्हतं?

अरीब : माह्याहून जास्त माहीत होतं. पन भीतीनं मूठ आवयते. जेवढं घट्ट धरलं तेवढं हँडल पिसायलं. मी मागून वरडत होतो, ढील दे भाई, ढील दे! हवेत आवाजच नाई पोचला.

(मैनाबाई हँडलवरची धूळ पदरानं पुसतात.)

मैनाबाई : तू ही नेली, तर थांबन ती?

अरीब : खुदा कसम, नाई. कोनाची तरी मागून नेईन ती. ब्रेक ढिले, टायर झिजलेले. पोरगी तुमचीच ना. तुमी तापातही उपास सोडत नाई, ती हट्ट सोडन?

मैनाबाई : मस्करी नोको करू... शिकव मंग तिले. पयले लहान उतारावर.

अरीब : काकू, माहेच हात कापतात.

मैनाबाई : मंग दोघंही हयूहयू उतरा.

अरीब : तुमी बोलसान तिच्याशी? आतच हाये ना, हाक मारू?

मैनाबाई : मार. दांडा दाब, डोये पुढं ठेव, समदं सांगते मी. हात सैल सोड, तेवढं तू सांग. माह्या तोंडून नाई निघनार ते.